शब्बीरभाई, तो रस्ता गेला नव्हता

शब्बीरभाई,

तुम्हाला माती देऊन आज सतरा दिवस झाले आणि माझं तुमच्याशी भांडण अजून चालूच आहे. सांगवीहून ऑफिसला जाताना, भाजी निवडताना, मध्येच कधीतरी मी मनात एक मुद्दा काढते आणि तुम्ही त्यावर काय म्हणाल तेही मला ऐकू येतं. मग लक्षात येतं, आता दोन्ही बाजूंनी मीच बोलते आहे.

त्या दिवशी दुपारी पुरुष मंडळी तुम्हाला घेऊन गेली. मी आतल्या खोलीत नसीमभाभींजवळ बसले. तुमच्या काळेवाडीच्या घरी मी किती वेळा आले असेन, पण आतल्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा गेले. आपली बैठक कायम बाहेर, गॅरेजमध्ये. तुम्ही जमिनीवर आणि मी प्लास्टिकच्या त्या एकाच खुर्चीवर. भाभी रडत नव्हत्या. माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "सकाळी चा पिले. म्हनले, जरा छातीत भरून आल्यावानी वाटतंय, पडतो. मी पानी आनायला गेले तेवढ्यात..." 

बाहेर लोक तुमच्याबद्दल बोलत होते. कुणाची जुनी जीप तुम्ही कशी उठवलीत, चाकणच्या कंपनीतली कायमची नोकरी सोडून गॅरेज टाकायची हिंमत कशी केलीत. सगळ्यांना तुम्ही गाडीखाली झोपलेले नाहीतर बॉनेटमध्ये डोकं घातलेले आठवत होतात. मला मात्र तुम्ही पायी चालताना आठवत होतात. भर उन्हात, डोक्याला पंचा बांधून, हातात काटेरी झुडपाची फांदी ओढत.

ती गोष्ट तिथल्या कुणाला माहीत नव्हती. म्हणून लिहिते आहे.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या चिंचवडच्या ऑफिसला राजस्थानातल्या वाळवंटातल्या एका राष्ट्रीय उद्यानाचं काम मिळालं. उद्यानाच्या अगदी आतल्या भागाचा आराखडा करायचा होता. जिथे गाव नाही, वस्ती नाही, नुसतं गवत, वाळू आणि खडकाळ माळ. तिथे माणसांनी जायचं का, गेले तर किती, कुठून चालायचं, मुक्काम कुठे करायचा, पाणी कुठून आणायचं, कोणत्या महिन्यांत अजिबात जायचं नाही, आणि कुणी हरवलं किंवा आजारी पडलं तर बाहेर कसं काढायचं. आम्ही नेहमी सोसायट्यांचे आणि शहरातल्या बागांचे आराखडे करणारी माणसं. जीप होती जुनी. ती तिथे बंद पडली तर काय, म्हणून आमच्या साहेबांनी तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही तीन आठवड्यांसाठी गॅरेज बंद करून आलात. भाभींनी तुम्हाला बाजरीच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "तिकडं बाजरीच पिकती म्हनं. तरी बी हिनं दिल्याच."

पहिले दोन दिवस तुम्ही कामापुरतंच बोललात. टायरमधली हवा कमी करायला मला शिकवलंत, वाळूत ब्रेक दाबायचा नाही हे शिकवलंत. तिसऱ्या दिवशी आपण हद्दीच्या खुणेपाशी उभे होतो. आपल्याबरोबर तिथला वनरक्षक खेताराम होता, पन्नाशीचा, मिशीवाला, स्वतःहून कधीच न बोलणारा. समोर गवताच्या झुबक्यांमधून दोन चाकोऱ्या लांबवर गेलेल्या दिसत होत्या. तुम्ही खाली बसून त्यावर हात फिरवलात.

"ही गाडी कधी गेली?"

खेताराम म्हणाला, तीन वर्षं झाली असतील. कुणी बाहेरचे लोक पक्षी बघायला घुसले होते.

"तीन वर्षं," तुम्ही म्हणालात. उठलात आणि गाडीकडे गेलात.

त्या भागात गोडावण अंडी घालायचा. आपल्याकडे त्याला माळढोक म्हणतात. माणसाच्या कमरेएवढा पक्षी, उघड्या जमिनीवर एकच अंडं. गाडीच्या आवाजाने तो उठला की अंडं उन्हात पडतं. मी हे सगळं वाचलेलं होतं, तुम्हाला समजावूनही सांगितलं. तरी माझ्या कच्च्या नकाशावर मी एक वाटोळा रस्ता काढला होता. आतल्या भागाला वळसा घालून पुन्हा हद्दीवर येणारा. फक्त गस्तीसाठी आणि अडीअडचणीसाठी, असं त्याच्याखाली लिहिलं होतं. संध्याकाळी विश्रामगृहाच्या ओट्यावर मी नकाशा पसरला तेव्हा तुम्ही विचारलंत, "ही लाल रेघ कसली?"

मी सांगितलं.

"ताई, ही रेघ काढू नका."

"अहो, कुणी आत अडकलं तर? माणूस मरू द्यायचा का?"

तेव्हा तुम्ही मला तुमच्या गावाचं सांगितलंत. चाकणच्या पलीकडचं गाव, तुमच्या वडलांच्या शेळ्या, आणि गावाचं गायरान. कुठल्याशा कंपनीची पाण्याची लाइन टाकायची म्हणून गायरानातून एकदा जेसीबी गेला. तात्पुरता, म्हणाले. महिनाभरात बुजवून देतो, म्हणाले. "लाइन टाकून झाली, जेसीबी गेला. पर वाट राह्यली. मग त्या वाटंनं टिपर यायला लागले. मग कुनीतरी मुरूम टाकला. मग प्लॉटिंगचा बोर्ड लागला. अब्बा शेळ्या घेऊन जायचे आन् रोज थोडं लांबून परत यायचे. कुनी गायरान घेतलं न्हाई, ताई. नुसती एक वाट दिली आमी."

मी म्हणाले, हे वेगळं आहे, हे राष्ट्रीय उद्यान आहे, इथे कायदा आहे. तुम्ही हसलात. मला ते हसणं लागलं. मी कागद गुंडाळून आत गेले.

त्यानंतर रोज तोच वाद. तुमचं म्हणणं, आत जायचं तर पायी जा, नाहीतर उंटावरून. माझं म्हणणं, तुम्ही मेकॅनिक असून गाडीच्या विरोधात कसे. खेताराम ऐकायचा आणि बिडी ओढायचा. शेवटी तुमच्या हट्टापायी आपण एक नियम केला, की पाहणी चालू आहे तोवर आपली जीप हद्दीच्या आत न्यायची नाही. तुम्ही हद्दीवर गाडीजवळ थांबायचं, मी आणि खेताराम पायी आत जायचं, हातात वायरलेस.

आणि सोळाव्या दिवशी सकाळी, गाडीपासून सात-आठ किलोमीटर आत, खेतारामला फुरसं चावलं.

गवताच्या बुडाशी बसलं होतं. त्याने पाय टाकला आणि बाजूला झाला, ओरडलासुद्धा नाही. खाली बसून जोडा काढला आणि मला दाखवलं. घोट्याजवळ रक्ताचे दोन लहान थेंब. मी वायरलेसवर एवढंच बोलू शकले, "शब्बीरभाई, गाडी आत आणा. खेतारामला साप चावलाय."

तुम्ही म्हणालात, "त्याला चालवू नका. आलो."

तुम्ही सरळ गवतातून आलात. मी तुम्हाला तशी गाडी चालवताना पुन्हा कधी पाहिलं नाही. खेतारामला मागच्या सीटवर आडवा केलात, पाय खाली ठेवला, मला त्याच्याशी बोलत राहायला सांगितलंत. तालुक्याचं हॉस्पिटल दोन तासांवर. वाटेत त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी तुमच्याकडे आरशात पाहिलं, तुम्ही आरशाकडे पाहत नव्हतात. औषध मिळालं. पाय मांडीपर्यंत सुजला, पण माणूस वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून तास गेला असता तर सांगता आलं नसतं.

हॉस्पिटलच्या आवारात कडुलिंबाखाली आपण चहा घेतला. आणि तिथेही मी म्हणालेच, "बघितलंत? म्हणून रस्ता लागतो."

आज मला त्या वाक्याची लाज वाटते. तुम्ही चिडला नाहीत. कप खाली ठेवून म्हणालात, "रस्ता कुठं होता, ताई? गरज पडली, गेलो."

दुसऱ्या दिवशी तुम्ही सकाळीच निघून गेलात. जीप दारात उभी होती. विश्रामगृहाच्या स्वयंपाक्याने सांगितलं की एका पाणी नेणाऱ्या ट्रॅक्टरवर बसून गेले. दुपारी मला राहवेना, मी जीप घेऊन हद्दीवर आले आणि पाण्याची बाटली घेऊन आत चालत गेले. तुम्ही दिसलात. आदल्या दिवशीच्या तुमच्याच चाकांच्या खुणांवरून उलटे चालत होतात आणि फांदी ओढत होतात. जिथे चाक खोल गेलं होतं तिथे गुडघ्यावर बसून हाताने वाळू लोटत होतात. दबलेलं गवत बोटांनी उभं करत होतात. काही उभं राहत होतं, काही नव्हतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"वाळूत एक गाडी गेलेली दिसली की दुसऱ्याला वाटतं, हितनं जाता येतं. त्याला कुठं ठावं, कशापायी गेली ती."

मी तिथेच बसले. थोड्या वेळाने मीही दुसरी फांदी घेतली. दोन दिवस लागले. तुमच्या तळव्यांत काटे भरले होते, ते मी सेफ्टी पिनेने काढले आणि तुम्ही खेतारामची, त्याच्या मुलींची, त्याच्या उंटाची चौकशी करत राहिलात. त्या दोन दिवसांत आपला वाद एकदाही झाला नाही. माझ्या नोकरीतल्या इतक्या वर्षांत, मी काहीतरी नीट शिकते आहे असं मला वाटलं ते त्या दोन दिवसांत.

परत आल्यावर मी नकाशातली लाल रेघ खोडली. हे खरं आहे, शब्बीरभाई. मी ती माझ्या हाताने खोडली.

पुढचं तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. शेवटच्या बैठकीत एका अधिकाऱ्यांनी विचारलं, "आत कुणाला काही झालं तर गाडी कुठून जाणार? तुमच्याच पाहणीत माणूस मरता मरता वाचला ना?" सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्याकडे उत्तर होतं. चौक्या वाढवा, उंट ठेवा, हद्दीवरच्या गावातल्या दवाखान्यात औषध ठेवा, एकट्या माणसाला आत पाठवू नका. सगळं तुम्हीच बोलला होतात आणि मी वहीत लिहून घेतलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे खेतारामचा सुजलेला पाय आला आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा अर्थ होकार धरला गेला. रेघ परत आली. खाली माझं नाव होतं.

महिनाभराने मी स्कूटरचा ब्रेक दाखवायला तुमच्याकडे आले. तुम्ही स्कूटर आडवी पाडली होती आणि पाना फिरवता फिरवता मान वर न करता विचारलंत, "ताई, ती लाल रेघ गेली ना?"

मी म्हणाले, "गेली."

का म्हणाले, ते मी इतकी वर्षं स्वतःला विचारते आहे. तुमचा चेहरा उतरलेला मला बघायचा नव्हता, एवढंच उत्तर सापडतं. तुम्ही "बरं झालं" म्हणालात आणि चहा मागवलात.

त्यानंतर मी तुमच्याकडे येत राहिले. गाडीचं काम असो नसो. आईच्या आजारपणात तुम्ही आठवड्यातून तीनदा सकाळी तिला डायलिसिसला सोडत होतात, का तर रिक्षात तिला धक्के बसतात. आई तुम्हाला सांगायची, वसुधाला लहानपणापासून खरं बोलायची फार हौस. तुम्ही मान डोलावायचात. एकदा, आई गेल्यावर, गॅरेजमध्ये दोघंच होतो, तुम्ही हात पुसत म्हणालात, "ताई, मनात काही ठेवू नका. सांगायचं असंल तर सांगा." मला वाटलं, तुम्ही आईबद्दल बोलताय. मी म्हणाले, "काही नाही हो." तुम्ही "व्हय व्हय" म्हणालात आणि कामाला लागलात.

या वर्षी त्या आराखड्याची फेरतपासणी सुरू झाली आणि जुन्या माणसांपैकी एक म्हणून मलाही समितीत बोलावलं. तेव्हा मी ठरवलं होतं, की रस्ता आधी रद्द करून घ्यायचा आणि मग तुमच्याकडे येऊन सगळं सांगायचं. काम झाल्यावर कबूल करणं सोपं जातं म्हणून. दोन महिने मी कागद टेबलावर ठेवून होते. तुम्ही थांबला नाहीत.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी पुन्हा तुमच्या घरी आले. तुमची रुबिना चाकणच्या कंपनीतून सुट्टी काढून घरी होती. चहा देताना म्हणाली, "मावशी, खेतारामकाकांचा फोन रोज येतोय. त्यांना यायचं होतं, पण आता त्यांना एवढा लांबचा प्रवास झेपत नाही."

मी विचारलं, "त्यांचा नंबर होता अब्बांकडे?"

"म्हणजे काय. दर जुम्म्याला नमाजहून आले की अब्बा त्यांना फोन लावायचे. किती वर्षं झाली."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. दर शुक्रवारी, इतकी वर्षं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

मी तिच्याकडून नंबर घेऊन घरी आले आणि खेतारामला फोन लावला. माझा आवाज ओळखून तो आधी रडला. मग मी सरळ विचारलं, शब्बीरभाईंना रस्त्याचं कधी कळलं? तो त्याच्या हिंदीत हळूहळू बोलत होता. पहिल्याच वर्षी, म्हणाला. रस्त्यासाठी मुरूम पडला त्या आठवड्यात मीच सांगितलं. आता संध्याकाळी सूर्यास्त बघायला गाड्या आत येतात, हेही सांगितलं. भाईंनी विचारलं, नकाशा कुणी केला? मी म्हणालो, नाव मॅडमचं आहे.

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, ताईंनी तुझा पाय बघितला होता ना. त्यांना भीती वाटली असेल. तू त्यांना काही बोलू नकोस."

मी विचारलं, "खेतारामजी, गाडी आत आली म्हणून तुम्ही वाचलात. तुम्ही सांगा, रस्ता असावा का?"

तो म्हणाला, "मॅडम, मी वाचलो तेव्हा रस्ता नव्हता. झाल्यापासून मी त्या रस्त्यावर आजारी माणूस आणलेला एकदाच बघितला. बाकी रोज फिरायला येणारे. गोडावण त्या बाजूला शेवटचा कधी बघितला, ते मला आता आठवत नाही."

तुम्ही हे ओझं इतकी वर्षं माझ्यासाठी सांभाळलंत. मला वाटायचं, मी तुमच्यापासून काहीतरी लपवते आहे. तुम्हाला माझ्यावर रागवता आलं असतं, एकदा सुनावता आलं असतं, आणि मला ते हवं होतं. तुमचं हे न बोलणं मला अजून पुरतं पेलत नाही. कधी त्याने मन भरून येतं आणि कधी वाटतं, शब्बीरभाई, तुम्हीही गप्प बसलात, मीही गप्प बसले, आणि गाड्या जात राहिल्या. हेही तुम्हाला तोंडावर म्हणायचं होतं.

काल मी भाभींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "ते मला सांगायचे, ताई एक दिस सांगंल. मी म्हनायची, तुमीच इचारा की. तर म्हनायचे, इचारलं की ती परत खोटं बोलंल. तिला तरास व्हईल." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मी त्यांच्याजवळचं दुसरं ताट ओढून घेतलं आणि आम्ही दोघी निवडत बसलो.

परवा समितीची बैठक झाली. मी घरूनच, लॅपटॉपवर. सुरुवातीलाच मी सांगितलं, की मागच्या आराखड्यात हा रस्ता माझ्या गप्प बसण्यामुळे आला आणि तो बंद करावा अशी माझी सूचना आहे. तरुण अधिकारी होते, त्यांनी तोच प्रश्न विचारला, कुणाला काही झालं तर? या वेळी मी चौक्या, उंट, दवाखाना, जोडीने गस्त, मुरूम उचलून गवत लावणं, विणीच्या महिन्यांत पूर्ण बंदी, सगळं एकेक करून सांगितलं. पाऊण तास बोलले. त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात ते स्वतः जाऊन बघणार आहेत, खेताराम त्यांना वाट दाखवणार आहे. रस्ता बंद होईलच असं मी तुम्हाला या वेळी सांगणार नाही. अजून ठरलेलं नाही.

आणि एक मुद्दा मी तुमच्या विरुद्ध घातला आहे. माणसाच्या जिवावर बेतलं तर गाडी आत न्यायला वनरक्षकाने कुणाची परवानगी मागत बसू नये, असं मी लिहिलं आहे. तुम्ही म्हणाल, ताई, उद्या सगळ्यांच्याच जिवावर बेतंल. मी म्हणेन, एवढा विश्वास माणसांवर ठेवायला हवा. तुम्ही हसाल. यापुढचं तुमचं म्हणणं काय असतं, ते मला बऱ्यापैकी माहीत आहे. पण तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलं.